जू उतरवा, वल्हं राहू द्या

वाचकाचं पत्र

माझं वय ७१, सौ.चं ६७. गेली २४ वर्षं आम्ही दोघं दर उन्हाळ्यात आठ-दहा दिवस कनू (दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची होडी) घेऊन जंगलातल्या तळ्यांमध्ये जातो. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या पायवाटेने कनू आणि सामान वाहून न्यावं लागतं. हे पोर्टेज आता होत नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डावा गुडघा उतारावर दगा देतो. गेल्या वर्षी तिसऱ्याच पोर्टेजवर कनू खाली ठेवली आणि माघारी फिरलो. मुलगी म्हणते, बाबा, आता पुरे. पुतण्या म्हणतो, मी येतो, मला काही नको. एक मित्र म्हणतो, पैसे देऊन माणूस घ्या. पण हमाल लावून जंगलात जायचं म्हणजे पालखीत बसून डोंगर चढायचा आणि वर फुशारकी मारायची. माझी जुनी ॲल्युमिनियमची कनूही काढून टाकावी का, या विचारात आहे. काय करू?
— एक जुना वल्हेकरी

ता. क. : हे पत्र सौ.ने वाचलं आहे. ती म्हणते, माणूस मिळणारच असेल तर त्याला भांडी घासता येतात का, तेही विचारा.

उत्तर

प्रिय वल्हेकरी,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य ताज्या कलमात आहे. त्याकडे मी शेवटी येते. आधी ती पालखी खाली ठेवू.

कनू आणि पगारी माणूस ही जोडी तुमच्या-माझ्यापेक्षा फार जुनी आहे. उत्तर अमेरिकेतल्या फरच्या व्यापारात कनू वल्हवणारे आणि सामान वाहणारे ‘व्हॉयेजर’ पगारावरच असत. सुमारे ४१ किलोचा एक गठ्ठा, असे दोन गठ्ठे कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर तोलून ते पोर्टेज ओलांडत. सुपीरियर सरोवराच्या काठचं ‘ग्रँड पोर्टेज’ तर जवळपास साडेतेरा किलोमीटरचं. व्यापारी साहेब कनूच्या मधोमध बसून असत आणि काठ आला की त्यांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून त्यांना पाठुंगळी घेऊन उतरवलं जाई. १८२८ साली हडसन्स बे कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन खंड ओलांडून पार पॅसिफिकपर्यंत गेला, तेव्हा त्याच्या कनूत बॅगपाइप वाजवणाराही होता. तुम्हाला कोणी पाठुंगळी घेणार नाही आणि बॅगपाइपही नसेल, तेव्हा पालखीचा आरोप तुमच्यावर लागू होत नाही. स्वतःचं सगळं स्वतःच वाहिलं तरच सहल खरी, ही कल्पना सुट्टी काढून हौसेने जंगलात जाणाऱ्यांची आहे. त्या पाण्यावर ज्यांचं पोट होतं, त्यांना ती परवडली नसती.

आणि ‘हमाल’ हा शब्द तेवढा सोडा. त्यात कमीपणा आहे म्हणून नव्हे. हमाल ओझं टाकतो आणि निघून जातो. हा माणूस आठ दिवस तुमच्याबरोबर राहणार आहे, तुमच्या तंबूपासून वीस पावलांवर झोपणार आहे आणि तुम्ही पाण्यात पडलात तर ओढून काढणार आहे. ट्रेकवाले ज्याला पोर्टर म्हणतात तो आणि तुमचं पोर्टेज, दोन्ही शब्द एकाच फ्रेंच क्रियापदातले आहेत : वाहून नेणे. मी मात्र मदतनीसच म्हणते.

आता माझी गोष्ट, कारण ही वाट मीही चालले आहे. माझी कंबर ५८व्या वर्षी बोलायला लागली. पहिल्या वर्षी पैसे देऊन मदतीला घेतलेला मुलगा बैलासारखा ताकदवान होता आणि मनाने चांगला. पहिल्या पोर्टेजला कनू काठाला लागते न लागते तोच त्याने माझी पिशवी, पाण्याची बाटली, नकाशाची थैली असं हाताला लागेल ते सगळं उचललं आणि शीळ घालत दिसेनासा झाला. मी मागून रमतगमत निघाले. अर्ध्या वाटेवर एक मोठं झाड आडवं पडलेलं, त्याला वळसा घालून दोन पायवाटा फुटलेल्या आणि दोन्ही चिखलात उतरणाऱ्या. खरी वाट कुठली, ते नकाशावर कदाचित कळलंही असतं. पण नकाशा पुढे गेला होता. शिट्टी मारावी तर तीही पिशवीत. डास फोडत मी तिथे पंचवीस मिनिटं उभी होते. तो दुसऱ्या खेपेला परत आला तेव्हा मला बघून हसला आणि मी रात्रीपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाही. चूक त्याची नव्हतीच. कशाला हात लावायचा नाही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून नकाशा, पाणी, शिट्टी, पावसाचं जाकीट आणि औषधं माझ्या अंगावरून उतरत नाहीत, कोणी कितीही प्रेमाने हात पुढे केला तरी. तुमच्या घरात हा नियम दोघांना लावा, प्रत्येकाची वेगळी छोटी पिशवी.

कामाला लागण्याआधी एक कागद घ्या. ‘वय झालं’ असं त्यावर लिहू नका, त्याचा उपयोग नाही. नेमकं काय होत नाही, ते लिहा. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा : कनू वाहणं तुम्हाला तितकं जड नाही, जड आहे ते उचलणं. कनू मांड्यांवर आडवी घ्यायची, पलीकडची कड पकडायची, गुडघ्याने झटका द्यायचा आणि डोक्यावरून फिरवून जू, म्हणजे कनूच्या मधोमध असलेली आडवी पट्टी, दोन्ही खांद्यांवर टेकवायचं. पाच सेकंदांचा खेळ, पण ऑपरेशन झालेला खांदा नेमका त्यातच जातो. मग तुम्ही म्हणाल, कोणी पुढचं टोक वर धरलं तर मी खालून शिरेन, बाकी वाहीन मीच. हा मोह मलाही झाला होता. करू नका. कनू डोक्यावर असली की पुढची चार पावलंच दिसतात, आणि तुमचा गुडघा उतारावर दगा देतो असं तुम्हीच लिहिलं आहे. उचलणं, वाहणं, ठेवणं, तिन्ही देऊन टाका. जू उतरलं ते उतरलं.

वल्हं मात्र देऊ नका. मागच्या बैठकीवर बसून दिशा सांभाळणं ही तुमची २४ वर्षांची कमाई आहे आणि ती खांद्यावर तितकीशी अवलंबून नाही. वरचा हात खांद्याच्या उंचीच्या वर जाऊ द्यायचा नाही, वल्हं थोडं आखूड घ्यायचं, वल्ह्याची प्रत्येक ओढ छोटी ठेवायची आणि जोर दंडातून न काढता धड वळवून काढायचा. फिजिओथेरपिस्टला एकदा वल्हं घेऊन भेटा आणि ती हालचाल करून दाखवा. नुसतं तोंडी विचारलंत तर ‘जपून करा’ एवढंच ऐकू येईल.

कागदावरच्या काही गोष्टींना माणूस लागतच नाही. रात्री जमिनीवरून उठता येत नसेल तर जाड गादी आणि घडीची खुर्ची लागते. निसरड्या खडकावर उतरता येत नसेल तर काठी लागते. आणि पाच पोर्टेजचा रस्ता जड होत असेल तर दोन पोर्टेजचा रस्ता निवडायचा असतो. आत कुठेतरी एका तळ्यावर तीन रात्री मुक्काम टाकावा आणि रोज रिकाम्या कनूने भटकून यावं. मला हा प्रकार हल्ली जास्त आवडतो. पूर्वी आम्ही ज्या तळ्यांतून नुसते पुढे जायचो, त्यांचे कोपरे आता माहीत झालेत.

आता हिशेब. हा कोणी आधी करत नाही आणि मग पहिल्याच काठावर वादावादी होते. तिसरा माणूस नुसता हात घेऊन येत नाही. तो खातो, झोपतो, भिजतो. कोरडा शिधा धरला तर माणशी दिवसाला पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे आठ दिवसांचे सहा किलो. वर त्याचा तंबू, झोपण्याची पिशवी, कपडे. तो स्वतःची वेगळी कनू घेऊन आला तर पोर्टेजवर दोन कनू होतात आणि त्या दोन्ही त्यालाच न्याव्या लागतात. म्हणून तुमच्यासारख्या जोडप्याने तीन बैठकींची एकच लांब कनू भाड्याने घ्यावी. वीस फुटांच्या आसपासच्या केव्हलरच्या (हलक्या पण चिवट कृत्रिम धाग्याच्या) कनूचं वजन २० ते २५ किलोंत बसतं. तुमची जुनी सतरा फुटी असेल तर ती एकटीच तिशीच्या वर असणार.

मग चित्र असं होतं. पोर्टेज एक किलोमीटरचं आहे, धरा. मदतनीस कनू घेऊन पुढे जातो, रिकामा परत येतो, मोठं गाठोडं घेऊन पुन्हा जातो. त्याची चाल तीन किलोमीटर, तुमची एक. तुम्ही दोघं आपापली छोटी पिशवी, वल्ही आणि काठी घेऊन एकदाच चालता. तो वाटेत तुम्हाला दोनदा भेटतो, एकदा समोरून आणि एकदा मागून. कोणी पडलं तर कळायला वेळ लागत नाही. यासाठी सामान मात्र एका मोठ्या गाठोड्यात आणि कनूबरोबरच नेता येईल अशा एका मध्यम थैलीत मावलं पाहिजे. त्याला तिसरी खेप करायला लावणारं सामान घरी ठेवा.

एका कनूचा तोटाही सांगते. कनू उलटली तर वाचवायला दुसरी कनू नसते. दुसरी असली की उलटलेली तिच्यावर आडवी ओढून पाणी काढता येतं. एकट्या कनूला हे जमत नाही. थंड पाण्याबद्दल कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी १-१०-१ हा आकडा लोकांच्या डोक्यात बसवला आहे : श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातापायांत काम करण्याइतका जोर दहा मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध जायला साधारण एक तास. म्हणजे पोहून काठ गाठायचा तर तो दहा मिनिटांच्या आत असायला हवा. एकच कनू नेणार असाल तर तळं मधोमध कापायचं नाही, काठाकाठाने जायचं, मग अंतर दुप्पट झालं तरी चालेल. लाइफ जॅकेट अंगात हवं. बुडाखाली घेतलेलं जॅकेट म्हणजे उशी. (हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वयाच्या किती जणांना मी ते बुडाखाली पाहिलंय, तेही मला माहीत आहे.)

आता पुतण्या. गुणी असेल, पण फुकट नेऊ नका. पहाटे पाचला, वारा नसताना, तुम्ही त्याला उठवायला कचराल. आणि दुपारी लाटा बघून त्याला ‘काका, आज नको’ म्हणायचं असेल तेव्हा तो कचरेल. नात्यात उपकार आला की दोन्हीकडची तोंडं बंद होतात. पैसे दिले की बोलता येतं. त्याला यायचंच असेल तर इतरांइतकाच मोबदला घ्यायला लावा. नाही म्हणाला तर पाहुणा म्हणून न्या, पण मग तिसरी बैठक त्याची आणि मदतनीस चौथा. तो हिशेब वर करून दाखवलाय, तो तुम्हाला परवडणार नाही.

माणूस शोधायचा कुठे? कनू भाड्याने देणाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडे वाटाडे असतातच, शिवाय मोसमात काम करणारी पोरंही त्यांना माहीत असतात. उन्हाळी शिबिरांत मुलांना तळ्यांवर घेऊन जाणारे शिक्षक, बाहेरच्या खेळांचं शिक्षण घेणारे विद्यार्थी हेही चांगले. पूर्ण वाटाड्या तुम्हाला नको आहे. तो रस्ता ठरवतो, मुक्काम ठरवतो, स्वयंपाक करतो, आणि मग तुम्हाला खरंच पालखीत बसल्यासारखं वाटेल. तुम्हाला पाठ मजबूत असलेला आणि पाणी ओळखणारा साथीदार हवा आहे. हे त्यांना याच शब्दांत सांगा.

भेटायला आला की एक प्रश्न जरूर विचारा : शेवटचं माघारी कुठे फिरलास? ज्याला आठवून सांगता येतं, कुठलं तळं, कसा वारा, कोण नाराज झालं, त्याला घ्या. जो म्हणतो मी कधीच माघारी फिरलो नाही, त्याला चहा पाजून निरोप द्या. प्रथमोपचाराचं विचाराच. शहरातल्या दोन-तीन तासांच्या वर्गाने भागत नाही. मदत यायला अर्धा दिवस लागेल अशा जागांसाठी वेगळं प्रशिक्षण असतं, त्यातला छोटा वर्ग साधारण १६ तासांचा आणि मोठा ७०-८० तासांचा. तुमच्या वयाला मोठा वर्ग केलेला मिळाला तर सोनंच. मग त्याला तुमची कनू उचलून पाचशे पावलं चालायला सांगा आणि ठेवताना बघा. उचलणारे पुष्कळ असतात, आवाज न करता खाली ठेवणारा कामाचा. आणि आठ दिवसांच्या आधी एका रात्रीची सहल करा, त्याचेही पैसे देऊन.

त्याच्यापासून काही लपवू नका. खांदा, गुडघा, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून. ती गोळी घेणारा माणूस खडकावर डोकं आपटला तर वरून टेंगूळ दिसलं तरी गोष्ट तेवढ्यावर सोडायची नसते, हे त्याला आधी माहीत हवं. उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र तुमच्याकडे असेलच. ते तुम्ही दोघांनी आणि त्याने, तिघांनी घरच्या अंगणात एकदा चालवून बघा. ज्याला यंत्र येतं तोच बेशुद्ध पडला, असं व्हायला नको.

बोलणी कागदावर उतरवा, एक पान पुरे. वाऱ्याने एका जागी अडकलात त्या दिवसाचेही पूर्ण पैसे, कारण तो दिवस त्याचाही जातो. संध्याकाळी चूल पेटल्यानंतर त्याचा वेळ त्याचा, त्याला एकटं मासे धरत बसू द्या. आणि सगळ्यात अवघड कलम हे : रस्ता, मुक्काम, निघायची वेळ तुम्ही ठरवाल, पण ‘पाण्यात उतरायचं नाही’ हे तिघांपैकी कोणी एक जरी म्हणालं तरी उतरायचं नाही, आणि त्यावर वाद नाही. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला हे लागतं, मला ठाऊक आहे. मला एका सकाळी बावीस वर्षांच्या पोरीने थांबवलं होतं. मी फुरंगटून तंबूत जाऊन झोपले. दुपारी उठून पाहिलं तर तळं लाटांच्या फेसाने पांढरं झालं होतं.

नियमांचं थोडक्यात. तुम्ही कुठल्या तळ्यांवर जाता ते लिहिलेलं नाही, पण संरक्षित जंगलांत माणसांची आणि होड्यांची मर्यादा असते आणि मदतनीस तिच्यात मोजला जातो. मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्समध्ये एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ नावा. तिघांना त्याची अडचण नाही. अडचण दुसरी आहे : अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. तुम्ही ज्याला साधा मदतनीस म्हणता त्याला तिथलं कार्यालय वाटाड्या म्हणू शकतं. म्हणून परवाना काढताना सरळ विचारून घ्या. परवानगी असलेल्या भाडेवाल्यामार्फत माणूस घेतला की हा प्रश्न बहुधा सुटतो, विम्याचाही.

मुलीला तुमचा कागद दाखवा, तो ‘काय होत नाही’ लिहिलेला. ‘बाबा, पुरे’ असं ती म्हणते, कारण बाबांना सगळं जमतं असं बाबा म्हणतात. यादी स्वतःच्या अक्षरात दिली की तिचा सूर बदलेल. निदान ती त्या यादीवर बोलेल.

आणि आता ताजा कलम. वल्हेकरी, तुम्ही पत्रभर कनूबद्दल लिहिलंत. वहिनींनी एका ओळीत भांड्यांबद्दल लिहिलं. तुमचं ओझं पोर्टेजवर आहे, त्यांचं संध्याकाळी आहे. दिवसभर वल्हवून काठाला लागल्यावर तुम्ही खडकावर बसून उद्याचा नकाशा बघता (बघता ना?) आणि वहिनी गार पाण्यात राखेने पातेलं घासतात. २४ वर्षं. माणूस ठेवायचा ठरलं तर त्याच्या कामाची यादी तुम्ही एकट्याने करू नका. कागद आधी त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर फिरून या. त्यांनी पहिल्या ओळीत भांडी लिहिली आणि कनू तिसऱ्या ओळीत टाकली, तर तो क्रम तसाच राहू द्या. राखेने घासायचं काम मदतनिसाला नको असेल तर ते तुम्ही घ्या. त्याला खांदा लागत नाही.

राहिली जुनी ॲल्युमिनियमची कनू. विकू नका. ठोके पडलेली ती कनू कोणी फारशा पैशाला घेणार नाही आणि तुम्हाला मात्र महिनाभर चुकचुकल्यासारखं होईल. गाडी थेट पाण्यापर्यंत जाते असं एखादं तळं बघा, तिथे काठावर ठेवायची परवानगी मिळते का विचारा, आणि तिला तिथे उलटी करून ठेवा. संध्याकाळी दोघं जाऊन नुसती पाण्यात ढकलायची.